बातमीत शाळा कुठे आहे?

ताई,
मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा दैनिकात तीन वर्षं बातमीदार आहे. शिक्षण, पंचायत समिती आणि पाणीपुरवठा हे माझे विषय. संविधान दिनाच्या कार्यक्रमात आमच्याकडे एका वक्त्याने 'शाळांत नागरिकशास्त्र सक्तीचं करा' अशी मागणी केली. दुसऱ्या दिवशी त्याविरोधात पत्रक निघालं. साहेब म्हणाले, प्रतिक्रिया घे. मी फोनवरून चार घेतल्या : दोन पक्षांचे दोघे, शिक्षक संघटनेचे एक पदाधिकारी, आणि पालक म्हणून एक वकील. 'नागरिकशास्त्राच्या सक्तीवरून जुंपली' अशी चार कॉलमी बातमी लागली. स्थानिक चॅनेलनेही तीच उचलली. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने बातमी दोनदा वाचली आणि एवढंच म्हणाली, "यात शाळा कुठे आहे रे?" तेव्हापासून लिहायला बसलो की तिचं वाक्य आठवतं. दोन्ही बाजू दिल्या, कुणाच्या तोंडी खोटं घातलं नाही. मग चुकलं कुठे? आणि अशा वादाची बातमी करायची तरी कशी? ऑफिसातून वेळ मिळत नाही, हेही तितकंच खरं.
— एक बातमीदार

ताई म्हणालास, म्हणून एकेरीवर येते.

तुझी आई बरोबर बोलली. तू खोटं काही लिहिलं नाहीस, हेही बरोबर. चूक त्याच्या आधी झाली, फोन हातात घेण्यापूर्वी. चौघांना 'सक्ती हवी की नको' असं विचारलंस, पण आज शाळेत काय आहे ते पाहिलं नाहीस. नागरिकशास्त्र आपल्याकडे सक्तीचंच आहे. सहावीला स्थानिक शासन संस्था, सातवीला संविधानाची ओळख, असं करत करत ते दहावीपर्यंत जातं, वरच्या वर्गांत राज्यशास्त्र या नावाने. दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या ४० गुणांच्या पेपरात १२ गुण राज्यशास्त्राचे असतात. ते सोडून कुणाला बोर्डाची परीक्षा देता येत नाही. म्हणजे जे आहेच, ते असावं की नसावं यावर चार माणसं तुझ्या बातमीत भांडली आणि वाचणाऱ्यांची समजूत झाली की हा विषय शाळेत नाहीच.

तो वक्ता काय मागत होता, हे त्याला विचारलंस का? वेगळा पेपर? जास्त गुण? परिपाठात आणखी एक वाचन? की आहे तो तास नीट व्हावा एवढंच? या चार वेगवेगळ्या मागण्या आहेत. प्रत्येकीला खर्च वेगळा, शिक्षक वेगळा, वेळापत्रकातली जागा वेगळी. हा एक प्रश्न विचारला असतास तर 'जुंपली'तली निम्मी हवा तिथेच गेली असती.

हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाही. ११ मे २०१२ चा शुक्रवार मला अजून आठवतो. मी तेव्हा एका वृत्तपत्रात उपसंपादक होते. एनसीईआरटी या केंद्राच्या पाठ्यपुस्तक संस्थेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ सालचं चित्र होतं : संविधानाच्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसलेले आणि मागे हातात चाबूक घेतलेले नेहरू. संसदेत त्यावरून गदारोळ झाला, सरकारने माफी मागितली, पुस्तक मागे घेण्याचं जाहीर झालं. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकर सरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्या रात्री पहिल्या पानाचा मथळा मी केला. पुस्तकाचं ते पान न पाहता केला. पान पाहिलं पाचव्या दिवशी. चित्राखाली मुलांसाठी प्रश्न होता : संविधान तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागली, व्यंगचित्रकार त्यावर बोट ठेवतोय का, आणि संविधान सभेला इतका वेळ का लागला असेल?

आता बघ, या प्रश्नाचं उत्तर खुद्द बाबासाहेबांनी दिलेलं आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी उशिराच्या आरोपाचा हिशेब मांडला. दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस. अमेरिकेला चार महिने लागले, पण त्यांची कलमं सात आणि आपली ३९५. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाला तर नऊ वर्षं लागली होती. एवढी भक्कम सामग्री हाताशी असताना आम्ही पाच दिवस 'चित्र हवं की नको' एवढंच छापत राहिलो. ज्यांना ते चित्र पाहून वेदना झाली, त्यांची वेदना खरी होती. मी ती आजही हलकी मानत नाही. वर्गात बहुसंख्य मुलं सवर्ण असताना एखाद्या दलित मुलीसमोर ते पान उघडलं की तिला काय वाटत असेल, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. पण तोही आम्ही पुढाऱ्यांना विचारला. अकरावीतल्या त्या मुलीला विचारायला मी कुणाला पाठवलं नाही. बारा-तेरा वर्षं झाली, मला ते अजून बोचतं. म्हणून तुझं पत्र आल्यावर इतर पत्रं बाजूला ठेवली.

नागरिकशास्त्राबद्दलच्या बातम्या एका ठरावीक वाटेने जातात. वरून एखादा कागद निघतो, त्यावर पुढारी बोलतात, पुढाऱ्यांवर दुसरे पुढारी बोलतात, आणि चौथ्या दिवशी सगळं थांबतं. तो कागद शाळेत पोचतो तेव्हा आपण तिथे नसतो.

जानेवारी २०२० आठव. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने परिपत्रक काढलं की २६ जानेवारीपासून सर्व शाळांत परिपाठाला संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन व्हावं. वर्षा गायकवाड तेव्हा शिक्षणमंत्री होत्या. डिसेंबरात नागरिकत्व सुधारणा कायदा झालेला, देशभर आंदोलनं चालू. मग साहजिकच बातमी 'कायद्याला राज्याचं उत्तर' अशी झाली आणि चॅनेलवर त्याच अंगाने चर्चा रंगल्या. पण मंत्र्यांनीच सांगितलेली एक गोष्ट बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात जाऊन बसली : असा शासन निर्णय २०१३ सालीच निघाला होता आणि त्याची अंमलबजावणी झाली नव्हती. माझ्या मते खरी बातमी तिथे होती. सात वर्षं तो कागद कुठे अडला? संचालनालयात, जिल्हा परिषदेत, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर की मुख्याध्यापकांच्या फायलीत? आणि २०२० चं परिपत्रक निघाल्यावर सात आठवड्यांत, मार्चच्या मध्याला, कोरोनामुळे शाळाच बंद झाल्या. परिपाठच राहिला नाही. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा उद्देशिका परत आली का? तुझ्या तालुक्यापुरतं हे उत्तर तू शोधू शकतोस. ते मुंबईत बसून कुणाला मिळणार नाही.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. जुलै २०२० मध्ये सीबीएसईने कोरोनामुळे नववी ते बारावीचा अभ्यासक्रम ३० टक्क्यांपर्यंत कमी केला. अकरावीच्या राज्यशास्त्रातून संघराज्य, नागरिकत्व, राष्ट्रवाद आणि धर्मनिरपेक्षता हे धडे पूर्ण वगळले. 'नागरिकत्व आणि धर्मनिरपेक्षता अभ्यासक्रमातून हद्दपार' असे मथळे सगळीकडे झळकले. मंडळाने खुलासा केला की ही सवलत फक्त २०२०-२१ पुरती आहे, या धड्यांवर परीक्षेत प्रश्न येणार नाहीत एवढाच तिचा अर्थ. केंद्रीय मंत्र्यांनी दाखवून दिलं की भौतिकशास्त्रातलं उष्णता इंजिनही वगळलंय, मग त्यावर कुणी बोलत का नाही. हा युक्तिवाद मला पटला नाही. उष्णता इंजिनाचा धडा आणि धर्मनिरपेक्षतेचा धडा वगळण्याचा परिणाम सारखा नसतो, आणि नेमके हेच चार धडे एकत्र का निवडले हे विचारणं माध्यमांचं कामच होतं. पण 'हद्दपार' हा शब्द चुकीचा होता. पुस्तकात ते धडे होते आणि पुढच्या वर्षी अभ्यासातही परतले.

कायमचं वगळणं नंतर झालं. २०२२ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या राज्यशास्त्रातले 'लोकशाही आणि विविधता', 'जनसंघर्ष आणि आंदोलने' आणि 'लोकशाहीसमोरील आव्हाने' असे तीन धडे पुस्तकातूनच काढले. एक-दोन वृत्तपत्रांनी चिकाटीने त्या याद्या पानापानाने तपासल्या. त्यांना मी मनापासून मानते. पण मोठा गलका झाला तो २०२३ मध्ये, नवी पुस्तकं मुलांच्या हातात पडल्यावर. त्या जूनमध्ये पळशीकर आणि यादव यांनी आपली नावं या पुस्तकांवरून काढा अशी मागणी केली. तात्पुरत्या वगळण्यावर आपण आधी ओरडलो आणि कायमच्या वगळण्यावर बहुतेकांना वर्षभराने जाग आली. दोन्ही वेळा कारण एकच : 'परीक्षेतून वगळलं' आणि 'पुस्तकातून वगळलं' यातला फरक कुणी कागद उघडून पाहिला नाही.

यात तुझ्या जिल्ह्याचीही एक बातमी आहे. बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात 'सामाजिक व राजकीय चळवळी' आणि 'भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने' हे धडे आहेत. तुमच्याकडे मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या प्रशाला दहावीपर्यंत असतात. एकाच गावात प्रशालेतला मुलगा चळवळींचा धडा शिकतो आणि एनसीईआरटीची पुस्तकं वापरणाऱ्या सीबीएसईच्या शाळेत बसने जाणारी त्याची चुलतबहीण तो शिकत नाही. दोघांना एका ओट्यावर बसवून त्यांची पुस्तकं शेजारी ठेव. कुणाचीही प्रतिक्रिया न घेता बातमी होईल. शिवाय प्रशालेतल्या मुलाच्या त्याच पुस्तकात, इतिहासाच्या भागात, प्रसारमाध्यमांवर एक अख्खा धडा आहे. तो तूही वाच. मुलं आपल्याबद्दल काय शिकतात, हे आपल्याला माहीत असावं.

शिक्षक तुझ्या बातमीत का नव्हते, याचं उत्तर फक्त तुझ्या घाईत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना वर्तणूक नियम आहेत, १९६७ सालचे. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका केली तर कारवाई होऊ शकते. म्हणून शिकवणारा गप्प राहतो आणि त्याच्या वतीने संघटनेचा पदाधिकारी बोलतो, जो कदाचित पंधरा वर्षांत वर्गावर गेलेला नाही. तुझ्या आईला हे सगळं ठाऊक आहे, म्हणून तर ती एकच वाक्य बोलली. तेव्हा शिक्षकांकडे मत मागू नकोस. काय घडतं ते विचार. 'सक्तीबद्दल तुम्हाला काय वाटतं?' याचं उत्तर देताना सर इकडेतिकडे बघतील. 'राज्यशास्त्राला आठवड्यात किती तास येतात, आणि हे धडे कोणत्या महिन्यात घेता?' याचं उत्तर वेळापत्रक आणि घटक नियोजनाच्या वहीसकट देतील. अनेक शाळांत आधी इतिहास संपवतात आणि राज्यशास्त्र डिसेंबरात, सराव परीक्षेच्या तोंडावर, प्रश्नोत्तरं लिहून देऊन उरकतात. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पद कमी झालं असेल तर हा विषय भाषेच्या बाईंकडे गेलेला असतो. सक्तीचा कागद आणि तो तास यांच्यामधलं अंतर तुला असंच दिसेल.

हे अंतर फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये बर्नार्ड क्रिक यांच्या समितीने १९९८ मध्ये शिफारस केली आणि २००२ पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा विषय सक्तीचा झाला. तेव्हाही 'सरकार मुलांना काय पढवणार' यावर पुष्कळ लिहिलं गेलं. पुढे अकॅडमी प्रकारच्या शाळा वाढल्या, ज्यांना राष्ट्रीय अभ्यासक्रम बंधनकारक नव्हता, आणि २०१८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने या विषयाची शाळांतली आबाळ नोंदवली. पढवण्याची भीती होती, प्रत्यक्षात तास हरवला.

आता वेळेचं. तुझी अडचण मला खोटी वाटत नाही. तीन बीट सांभाळून रोज चार बातम्या देणाऱ्या मुलाला 'आठवडाभर संशोधन कर' म्हणणं क्रूरपणा होईल. मी एक सकाळ मागते आहे. दहाचा परिपाठ आणि त्यानंतरचा एक तास. आईची शाळा सोडून दुसरी शाळा निवड, आणि आईचं नाव किंवा तिने घरी सांगितलेलं काहीही बातमीत आणू नकोस, तिला त्रास होईल. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगून जा. मागच्या बाकावर बस. पहिली पंधरा मिनिटं वही उघडू नकोस.

परिपाठात मुलं 'आम्ही, भारताचे लोक' म्हणतात तेव्हा कुठे अडखळतात ते ऐक. 'सार्वभौम'वर अडखळतात की 'धर्मनिरपेक्ष'वर? नंतर कुणा शिक्षकाने तो शब्द फोडून सांगितला का? वर्गाचा मॉनिटर कसा ठरतो ते विचार : मतदान करून, गुणांवर, की बाई सांगतील तो? मी एका शाळेत सातवीच्या मुलींना पाहिलं आहे. त्यांनी मॉनिटरसाठी चिठ्ठ्या टाकून मतदान घेतलं आणि हरलेल्या मुलीने मोजणी पुन्हा मागितली. बाईंनी पुन्हा मोजायला लावली. राज्यशास्त्राचा इतका चांगला तास मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याला वेळापत्रकात जागा नव्हती.

पालक म्हणून वकीलसाहेबांना फोन करण्याऐवजी शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईला भेट. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. तिला 'नागरिकशास्त्र हवं का' असं विचारू नकोस. शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्तावर सही बैठकीत केली की घरी आलेल्या वहीवर केली, एवढंच विचार. शाळेत लोकशाही शिकवली जाते का याचा अंदाज तिथेच येईल.

एक गोष्ट मात्र करू नकोस, हात जोडून सांगते. मुलांपुढे माईक धरून 'सांग, उद्देशिका म्हणजे काय?' असं विचारायचं, मूल गोंधळलं की ते दाखवायचं आणि 'हीच का उद्याची पिढी' म्हणायचं, हा प्रकार मी चॅनेलवर बघते आणि माझं रक्त तापतं. शिक्षकांनाही असंच कॅमेऱ्यासमोर उभं करतात. दहा वर्षांच्या पोराची फजिती करून कोणत्या नागरिकत्वाची बाजू घेतली आपण? मुलाचं नाव, चेहरा, गाव पालकांच्या परवानगीशिवाय छापू नकोस. वाद जातीधर्माच्या अंगाने पेटलेला असेल तर परवानगी असली तरी छापू नकोस.

साहेबांचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेलच. भांडू नकोस. प्रतिक्रियांची बातमी मागितली तर ती दे, पण वर चार ओळींची चौकट जोड : विषय सध्या कोणत्या इयत्तेला आहे, किती गुणांना आहे, मागणी नेमकी काय आहे, शासन निर्णय कोणत्या तारखेचा आहे. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात, शोधायला दहा मिनिटं लागतात. चौकट छापायला कुठलाच संपादक नाही म्हणत नाही, पान भरलेलं दिसतं. शाळेतली बातमी दुसऱ्या दिवसासाठी ठेव.

'दोन्ही बाजू दिल्या' असं तू लिहिलंस. इथे बाजू दोनच कशा असतील? सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्या दोन माणसांची कारणं एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात : एकाला मुलांनी कर्तव्यं पाठ करायला हवीत, दुसऱ्याला मुलांनी ग्रामसेवकाला प्रश्न विचारायला हवेत. मी स्वतः दुसऱ्याच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. पण पहिल्याचं म्हणणंही त्याच्या शब्दांत पूर्ण यायला हवं. दोघांना एका रकान्यात कोंबलं की दोघांवर अन्याय होतो.

शेवटी, आईला एक विचार. तिच्या शाळेत परिपाठाला बातम्या कोण निवडतं? बहुतेक शाळांत सुविचार, दिनविशेष यांच्याबरोबर एक मूल वर्तमानपत्रातल्या दोन-तीन बातम्या वाचून दाखवतं. तुझं दैनिक त्या टेबलावर रोज सकाळी पडत असणार. 'जुंपली'ची बातमी तिने त्या दिवशी मुलांना वाचायला दिली होती का, आणि नसेल तर का नाही, हे तिच्याकडून ऐक. मग सोमवारी शाळेत जा. परिपाठ दहाला सुरू होतो, पावणेदहाला पोच.

— तुझी ताई